मुंगीपालनातील आरंभीची अपयशे : एक विवेचन

भाषाभ्यासाला वाहिलेल्या या पत्रिकेत मुंग्यांविषयीचा लेख पाहून वाचकांस आश्चर्य वाटणे स्वाभाविक आहे. म्हणून त्याचा खुलासा प्रथमच केलेला बरा. चीनमधील बोलींच्या कोशरचनेचा इतिहास चाळीत असता प्रस्तुत लेखकास ॲडेल फील्ड या अमेरिकन विदुषीचे नाव आढळले. स्वाटौ येथील बोलीचा उच्चार व अर्थ देणारा त्यांचा कोश १८८३ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्या बोलीची प्राथमिक पाठमाला त्याच्याही पाच वर्षे आधी. पुढे काही दिवसांनी अगदी वेगळ्या विषयावरचे एक टिपण वाचताना हेच नाव पुन्हा समोर आले. १९०० मध्ये मुंग्या पाळण्यासाठी सहज हलविता येईल असे काचेचे घरटे ज्यांनी वर्णिले, त्या ॲडेल फील्ड याच! कोशकार बाई वयाच्या साठीत वुड्स होल येथील सागरी जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत मुंग्यांचे निरीक्षण करीत होत्या. भाषेचा अभ्यासक आणि मुंगीपालक यांच्या कार्यपद्धतीत काही आंतरिक नाते असावे काय, या कुतूहलापोटी लेखकाने स्वतः मुंग्या पाळण्याचा प्रयत्न आरंभिला. तो सलग चार पावसाळे फसला. ही अपयशे कशी घडली, त्यांची कारणे कोणती आणि त्यांतून कोणती पद्धती निष्पन्न झाली, एवढेच येथे विशद करावयाचे आहे.

प्रथम मुंग्यांची वसाहत कशी स्थापन होते हे थोडक्यात पाहू. पुष्कळ जातींत विशिष्ट ऋतूत पंख असलेल्या तरुण राण्या व नर घरट्याबाहेर पडतात. आपल्याकडे अनेक जातींच्या बाबतीत हा काळ पहिल्या पावसाच्या आगेमागे येतो. उड्डाणात मीलन होते; नर त्यानंतर लवकरच मरतात. राणी जमिनीवर उतरून आपले पंख स्वतःच गाळून टाकते, एखादे लहान बीळ कोरते आणि आतून त्याचे तोंड बंद करून घेते. मीलनात मिळालेले शुक्राणू ती आपल्या शरीरातील एका पिशवीत साठविते व ते तिला आयुष्यभर पुरतात. मुंगळ्यासारख्या जातींतील राणी या बंदिवासात काहीही खात नाही. शरीरातील मेदावर आणि आता निरुपयोगी झालेल्या पंखांच्या स्नायूंवर ती स्वतः जगते व पहिल्या अळ्यांनाही पोसते. हे स्नायू विरघळून कसे जातात याचे सूक्ष्म वर्णन शार्ल जाने या फ्रेंच अभियंत्याने १९०७ मध्ये केले. अशा उपासातून जन्मलेल्या पहिल्या कामकरी मुंग्या संख्येने थोड्या आणि आकाराने खुज्या असतात. त्यांनी बिळाचे दार उघडून बाहेरून अन्न आणले म्हणजे वसाहत सुरू झाली असे समजावे.

हे वर्णन आज लिहिणे सोपे वाटते. परंतु लेखकाने आरंभ केला तेव्हा यातील प्रत्येक विधान त्यास ग्रंथातून ठाऊक होते आणि तरीही प्रत्येकाच्या बाबतीत एकेक चूक त्याने केली. ग्रंथज्ञान आणि कृतिज्ञान यांतील अंतर ते हेच.

पहिली चूक खास भाषिक स्वरूपाची होती. जूनमधील एका संध्याकाळी व्हरांड्यातील दिव्याभोवती पंखवाले किडे जमले. त्यांतील काहींचे पंख जमिनीवर पडताच गळून जात. लेखकाने मोठ्या आनंदाने असे दोन जीव काचनळीत ठेविले. आठवड्याभरात ते मेले. प्राणिशास्त्र विभागातील एका स्नेह्यांना ते दाखविले असता ते हसून म्हणाले, “अहो, ही मुंगी नव्हेच, ही वाळवी!” वाळवीला ‘पांढरी मुंगी’ म्हणण्याचा प्रघात इंग्रजीच्या अनुकरणाने आपल्या पाठ्यपुस्तकांत रूढ झाला आणि ‘वारूळ’ हा शब्द तर आपण दोहोंच्या घरास लावतो. वस्तुतः वाळवीचे नाते झुरळांशी, तर मुंगीचे गांधीलमाशीशी व मधमाशीशी. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे असतात, स्पर्शिका सरळ मण्यांच्या माळेसारखी असते आणि कंबर अशी नसतेच. मुंगीचे पुढचे पंख मागच्यांहून लांब, स्पर्शिका कोपरात वाकलेली, आणि कंबर अगदी बारीक. हा भेद नुसत्या डोळ्यांनी दिसतो. तो दिसला नाही याचे कारण नजर वस्तूकडे न जाता नावाकडे गेली. भाषेच्या अध्यापकाने नावाने फसावे यात विनोद आहे, पण अपवाद नाही. ‘मुंगी’ स्त्रीलिंगी आणि ‘मुंगळा’ पुल्लिंगी असल्यामुळे मुंगळे हे मुंग्यांचे नर होत अशी समजूत पुष्कळ सुशिक्षितांचीही असते. आपल्या अंगणातून जाणारा प्रत्येक बिनपंखी मुंगळा ही मादीच आहे, हे त्यांना सांगूनही पटत नाही.

दुसऱ्या वर्षी राणीच्या शोधात वेळ न दवडता लेखकाने एका बिळाच्या तोंडाशी चाळीसएक मुंगळे पकडून मातीने भरलेल्या काचेच्या अरुंद पेटीत सोडले. त्यांनी दोन दिवसांत सुंदर भुयारे खणली. घरी येणारेजाणारे कौतुकाने पाहात. दिवाळीपर्यंत त्यांतील एकही जिवंत राहिला नाही. हे अपयश होते असे म्हणणेही तितकेसे बरोबर नाही, कारण येथे यश शक्यच नव्हते. कामकरी मुंगीचे आयुष्य मर्यादित असते आणि वसाहतीची भर राणीच्या अंड्यांवर अवलंबून असते. राणी नसता काही जातींतील कामकरी अंडी घालतात. परंतु ती अफलित असल्यामुळे बहुधा त्यांतून केवळ नर निघतात आणि नर काम करीत नाहीत. अमेरिकेत १९५६ पासून मिल्टन लेव्हिन यांनी विक्रीस आणलेली मुंग्यांची खेळण्यातील पेटी अत्यंत लोकप्रिय झाली. तीतही राणीविना केवळ कामकरी पुरविल्या जात. म्हणजे पेटीचा अंत आरंभीच ठरलेला असे. आपल्या क्षेत्रातील उपमा द्यावयाची तर हे बोलणाऱ्या समाजाला सोडून त्याची शब्दसूची घरी आणण्यासारखे होय. सूची खरी असते, पण तीत नवा शब्द जन्मत नाही.

तिसऱ्या वर्षी मात्र खरी राणी मिळाली. परीक्षानळीत एक तृतीयांश पाणी, त्यावर कापसाचा घट्ट बोळा, मध्ये राणी आणि तोंडाशी दुसरा बोळा, अशी रचना मुंगीपालक सर्वत्र वापरतात. तीत ओलावा टिकतो व हवाही मिळते. पाचव्या दिवशी आठ अंडी दिसली. येथून लेखकाच्या उत्साहाने घात केला. रोज सकाळी व रात्री नळी उचलून दिव्यासमोर धरण्याचा नेम सुरू झाला. अंडी आठावरून पाच, पाचावरून दोन झाली आणि नंतर काहीच उरले नाही. सहाव्या आठवड्यात राणी मेली. नैसर्गिक बिळात राणीला प्रकाशही पोचत नाही आणि धक्काही. नळीचे हलणे तिच्या दृष्टीने घर उकरले जाण्यासारखे आहे, आणि संकट जाणवले की राणी आपली अंडी खाऊन टाकते. यात क्रौर्य पाहण्याचे कारण नाही. जी प्रजा वाचणार नाही, तिच्यातील सत्त्व परत घेऊन पुन्हा प्रयत्न करण्याची ती सोय आहे. किंबहुना निर्वेध वसाहतीतही काही अंडी अळ्यांच्या अन्नासाठी खर्ची पडतात. म्हणून अंड्यांची संख्या कमी होणे एवढ्यावरून अपयशाचे अनुमान काढू नये.

पाहावयाचे तर कसे, याचे उत्तर जुनेच आहे. सर जॉन लबक यांनी १८८२ च्या आपल्या ग्रंथात रंगीत काचांचे प्रयोग वर्णिले आहेत. जांभळ्या काचेखाली ठेविलेले कोश मुंग्या उचलून नेत आणि लाल काचेखाली मात्र अंधारात असल्याप्रमाणे निवांत राहात. तेव्हापासून लाल आवरणातून निरीक्षण करण्याची रीत पडली. अर्थात लाल प्रकाशाने डोळ्यांचा प्रश्न सुटतो, हादऱ्यांचा नव्हे. लबक यांच्या संयमाचे फळही सांगण्याजोगे आहे. १८७४ मध्ये त्यांनी ठेविलेल्या फॉर्मिका फुस्का जातीच्या राण्यांपैकी एक १८८८ पर्यंत जगली. पुढे युरोपात लॅसियस नायजर जातीची एक राणी बंदिवासात सुमारे २८ वर्षे जगल्याची नोंद झाली.

चौथ्या वर्षी तीन राण्या तीन नळ्यांत ठेविल्या आणि नळ्या कपाटात बंद केल्या. पहिल्या राणीने अंडी घातली, परंतु त्यांतून कामकरी निघाल्या नाहीत. अखेरीस दोन पंखवाले नर तेवढे आले. म्हणजे तिचे मीलन झालेच नव्हते. पंख गळाले एवढ्यावरून मीलन झाले असे धरता येत नाही, हे तेव्हा उमगले. दुसऱ्या नळीत कापसाला बुरशी धरली व अळ्या गेल्या. तिसऱ्या राणीने मात्र दोन महिन्यांत सात इवल्या कामकरी वाढविल्या. त्या दिवशीचा आनंद अवर्णनीय होता, आणि तोच घातक ठरला. लेखकाने त्या कुटुंबाला तत्काळ वहीएवढ्या प्लॅस्टरच्या घरात हलविले. सात मुंग्यांना वीस खोल्या झाल्या. उरलेले अन्न दूरच्या कोपऱ्यांत नासू लागले, प्लॅस्टर भराभर वाळले, आणि तीन आठवड्यांत सारे संपले. शार्ल जाने यांनी प्लॅस्टरची घरटी बनविताना एका टोकास पाणी ठेवून ओल्यापासून कोरड्यापर्यंत क्रम राखला होता व निवड मुंग्यांवर सोपविली होती. लेखकाने त्यांच्या घरट्याचा आकार तेवढा उचलला. तत्त्व उचलले नाही.

आता प्रश्न असा की, ही सारी अपयशे केवळ पाळणाऱ्याच्या अज्ञानाची होती काय? येथे निसर्गाचा हिशेब ध्यानात घेणे अगत्याचे आहे. एखाद्या प्रदेशातील एका जातीच्या वसाहतींची संख्या वर्षानुवर्षे साधारण स्थिर राहते असे समजू. तर प्रत्येक वसाहतीने आपल्या संपूर्ण आयुष्यात सरासरीने एकच कन्या-वसाहत मागे ठेविली पाहिजे. अधिक ठेविल्यास संख्या वाढेल, कमी ठेविल्यास घटेल. परंतु प्रौढ वसाहत तर दरवर्षी अनेक राण्या बाहेर धाडते. म्हणजे त्यांतील जवळजवळ सर्वच पक्षी, पाली, कोळी, बुरशी, पूर आणि शेजारच्या मुंग्या यांच्या वाट्यास जातात. ‘मुंगीला पंख फुटणे’ याचा अर्थ आपल्या भाषेत नाश ओढवणे असा होतो. हा वाक्प्रचार घडविणाऱ्यांचे निरीक्षण अचूक होते; केवळ त्या नियमाला असलेल्या अत्यल्प अपवादांवर सारे मुंगीकुल उभे आहे, एवढे त्यात सांगितलेले नाही.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. एक असा की, आरंभीचे अपयश हा अपात्रतेचा पुरावा नव्हे. निर्दोष व्यवस्था केली तरी काही राण्या मरणारच, आणि एकाच राणीवर प्रयोग करणाऱ्यास आपली चूक व राणीचे दुर्दैव यांचा भेद कधीच कळणार नाही. दुसरा निष्कर्ष पहिल्याइतकाच महत्त्वाचा, परंतु कमी सुखद आहे. निसर्गात पुष्कळ मरतात, या सबबीखाली आपला निष्काळजीपणा झाकणेही तितकेच सोपे असते. या दोहोंमधून मार्ग काढणारी एकच वस्तू आहे आणि ती म्हणजे नोंदवही.

येथे एक कबुली देणे प्राप्त आहे. तिसऱ्या वर्षीची राणी मेल्यावर लेखकाने त्या वर्षीची टिपणे रागाने फाडून टाकिली. अंडी कमी होत गेली ती नळी हलविल्यामुळे, असे वर म्हटले आहे खरे. परंतु त्या आठवड्यांत उष्मा किती होता, बोळा केव्हा ओला झाला, राणी कोठे बसत असे, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. ते कारण संभाव्य आहे, सिद्ध नव्हे. आणि ते सिद्ध करण्याचे साधन लेखकाने स्वतःच्या हातांनी नष्ट केले. याहून वाईट गोष्ट अशी की, हीच चूक त्याच्याकडून पूर्वी एकदा घडली होती. डॉक्टरेटसाठी कोकणातील एका बोलीचे क्षेत्रकार्य करताना पहिले पाच आठवडे वाया गेले असे त्यास वाटले. कारण प्रश्नावली समोर धरताच माणसे आपली बोली सोडून पुस्तकी मराठीत उत्तरे देत. ती पाने ‘निरुपयोगी’ म्हणून टाकून दिली. पाहुण्यासमोर आपल्या बोलीतील नेमके कोणते रूप माणूस प्रथम लपवितो आणि कोणते लपवू शकत नाही, याचा तो अमोल पुरावा होता, हे ध्यानात यावयास पुढे दहा वर्षे लागली. तोवर ती माणसेही राहिली नव्हती. मुंग्यांची गोष्ट लिहावयाची ती या दुसऱ्या गोष्टीसाठी.

पाचव्या वर्षी म्हणून पद्धती बदलली. सहा राण्या सहा नळ्यांत ठेवून प्रत्येकीची स्वतंत्र नोंद ठेविली. चार नळ्यांची व्यवस्था अगदी एकसारखी होती. उरलेल्या दोहोंत केवळ एकच गोष्ट, म्हणजे कापसाची जात, बदलली. नळ्या आठवड्यातून एकदाच, एकाच वेळी, लाल आवरणातून व न उचलता पाहिल्या. मरण आले तर त्याची तारीख आणि अवस्था त्याच दिवशी लिहिली. सहांपैकी चार गेल्या, दोहोंना कामकरी झाल्या. कामकरी निघाल्यावर साखरपाण्याचा एक बारीक थेंब आणि माशीचा तुकडा एवढेच अन्न दिले व उरलेले दुसऱ्या दिवशी काढून घेतले. नळी पुरेनाशी होईपर्यंत घर बदलले नाही. त्यांतील एक वसाहत आज दुसऱ्या वर्षात असून तिची संख्या मोजण्याचा मोह आवरला आहे.

एक मोह मात्र आवरणे आवश्यकच असते, आणि तो म्हणजे दुबळ्या वसाहतीस बाहेरच्या मुंग्यांची कुमक देण्याचा. प्रौढ परकी मुंगी आत सोडली की बहुधा मारामारी होते. मुंगीच्या अंगावरील मेणासारख्या हायड्रोकार्बन द्रव्यांचे मिश्रण वसाहतीगणिक वेगळे असते व त्यावरून आपपरभाव ठरतो, हे आज सुस्थापित आहे. यातले रसायन ठाऊक नसतानाही ॲडेल फील्ड यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दाखविले होते की, कोशातून नुकत्याच बाहेर आलेल्या भिन्न जातींच्या मुंग्या एकत्र वाढविल्यास त्या सलोख्याने नांदतात. ज्या बाई स्वतः परक्या बोलीत शिरून तिचा कोश करण्याइतक्या तीत मुरल्या, त्यांनी नेमका हा प्रयोग करावा यात लेखकास अर्थ दिसतो. मात्र गंधाच्या या व्यवहारास ‘भाषा’ म्हणताना आपण सावध असावे. आपलेपणाची खूण पटविणे आणि वाक्य रचणे या गोष्टी एक नव्हेत.

चिकाटीचे स्वरूप आता अधिक नेमके सांगता येईल. तीच कृती पुनःपुन्हा करणे म्हणजे चिकाटी नव्हे. तो केवळ हट्ट होय, आणि जेथे प्रत्येक पुनरावृत्तीची किंमत एका जिवाने चुकवावयाची असते, तेथे तो हट्ट निष्ठुरही ठरतो. प्रत्येक अपयशानंतर एकच गोष्ट बदलणे, एकाच उदाहरणावर विसंबून न राहणे, आणि अपयशाची नोंद यशाच्या नोंदीइतक्याच आदराने जपणे, या तीन अटी पाळल्या तरच पुढील प्रयत्न करण्याचा अधिकार प्राप्त होतो. राण्या लागतील तितक्याच आणि आपल्याच परिसरातल्या घ्याव्या. या छंदाच्या परदेशी बाजारपेठेपायी केनियात सुमारे ५,००० राण्या बाहेर नेण्याचा प्रयत्न झाला व २०२५ मध्ये तेथील न्यायालयाने गुन्हेगारांस दंड केला, हे विसरू नये. परमुलुखातील मुंगी निसटून स्थानिक मुंग्यांस उखडून टाकते अशी उदाहरणे जगभर आहेत.

ॲडेल फील्ड १८६६ मध्ये विवाहासाठी पूर्वेकडे आल्या, तेव्हा त्यांचे नियोजित पती आधीच मृत्यू पावले असल्याचे त्यांना कळले. त्या परतल्या नाहीत. पुढे स्वाटौची बोली शिकल्या, कोश केला, आणि उतारवयात मुंग्यांकडे वळल्या. त्यांचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवून या विभागातील संशोधक विद्यार्थ्यांस एवढेच सांगावयाचे की, प्रबंधाच्या पहिल्या वर्षी वाया गेलेली वाटणारी पाने फाडू नका. त्यांवर तारीख घाला, ती कोठे व कशी फसली ते दोन ओळींत लिहा आणि कपाटात ठेवा. आपण काय शोधीत होतो हे पुष्कळदा त्या पानांवरूनच पुढे कळते.